मामाजींची वाळ्याची ताटी

आमच्या घरात कूलर आला तो माझ्यामुळे. माझ्या नवऱ्याच्या हौसेनं आला असं नातेवाईक समजतात. मामाजींची ताटी बिघडली म्हणून आला असं स्वतः मामाजी समजत. ताटी बिघडली नव्हती. हे मला माहीत होतं, आणि इतक्या वर्षांत ते मी एकाच माणसाला सांगितलं. ज्याला सांगायला हवं होतं त्याला नाही सांगितलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी लग्न होऊन नागपूरहून सेलूला आले. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजींचा केळीचा बाग होता. पाणी कुठून निघेल, कुठे मुरेल, कुठे अडेल, हे त्यांना बांधावर उभ्या उभ्या दिसायचं. बोलणं कमी. पण पाण्याचा विषय निघाला की हातानं हवेत चर काढून दाखवायचे.

तेच डोकं त्यांनी घरात चालवलं होतं. आमची पश्चिमेची खोली मातीच्या जाड भिंतींची, वर कवेलू म्हणजे कौलं, त्यांच्याखाली बांबूचा तट्टा आणि मातीचा थर. या खोलीच्या बाहेरच्या दाराला ते उन्हाळाभर वाळ्याची ताटी लावत. वाळा हिंगणीकडच्या नाल्याकाठून यायचा. बुरूड कामट्यांची चौकट करून द्यायचा आणि वाळा मामाजी स्वतः भरत, मुळी मुळी सोडवून, ना घट्ट ना सैल. इतर घरीही ताट्या असत, पण त्यांच्यावर कोणीतरी तांब्या घेऊन पाणी मारत बसायचं. मामाजींनी चौकटीवर टिनाची पन्हाळ बसवली होती, तिला खिळ्यानं बारीक भोकं पाडलेली. बाहेर ओट्यावर उंच ठेवलेल्या पिंपातून एक नळी पन्हाळीत यायची. पाणी थेंबाथेंबानं वाळ्यातून उतरायचं, खालच्या घमेल्यात जमायचं, आणि संध्याकाळी ते परत पिंपात. ना मोटर, ना वायर.

दुपारी बाराला गल्लीत कुत्रंही नसायचं. बाहेरून त्या खोलीत शिरलं की आधी वास यायचा, ओल्या मुळ्यांचा, थोडा मातीचा. मग डोळ्यांना अंधार. मग मानेवरचा घाम गार व्हायला लागायचा. टप टप आवाज चालू. जमिनीवर शेण सारवलेलं, त्यावर उघड्या पायांनी बसायचं. शेजारच्या बाया तांदूळ निवडायला तिथेच येत. मी वाती वळता वळता भिंतीला टेकून झोपून जायची. तसली झोप मला पुढे कुठल्याच यंत्रानं दिली नाही, हे आज कबूल करायला हरकत नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात मामाजींनी मला सगळं समजावलं होतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पार वर, आढ्याजवळ एक हातभर झरोका होता. त्याला कामट्यांची जाळी.

"सूनबाई, समदे म्हन्ते पानी खोली गार करते. पानी नाई करत. हवा करते. इकडून आत येते, वल्ली होते, तिकडून निंगून जाते. तिले जाऊ देलं नाई, तर ते येईनच काऊन?"

हे मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. पुढे मला कोणी म्हणू नये की तिला कळलं नाही.

तो झरोका स्वयंपाकघरावरच्या माळ्यात उघडायचा, आणि माळ्याच्या फटींतून हवा बाहेर पडायची. माळा वाळवणाचा. कुरडया, सरगुंडे, मुगवड्या, सगळं डब्यांत भरून तिथे. आमच्या घरी वाळवणाच्या माळ्यावर पुरुषांनी पाय द्यायचा नाही हा दंडक होता. मामाजींनीच नव्हे, माझ्या नवऱ्यानंही तो माळा कधी आतून पाहिला नव्हता. आत्याबाईंचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी शिडी माझ्या हवाली केली. "आता माळा तुह्या. मले काई विचारू नको, अन् काई सांडवू नको."

आता माझी हौस सांगते. नागपूरला माझ्या बाबांनी लोखंडी कूलर घेतला होता. माझ्या ताईच्या घरीही होता. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्यांकडे त्याच वर्षी आला, आणि त्याची घरघर आमच्या अंगणापर्यंत यायची. तो किराणावाला येता जाता मामाजींना चिडवायचा.

"काकाजी, फॅन तर लावा! वाळ्यानं का होते? आमच्याकडं बसा येऊन, स्वेटर लागन तुम्हाले."

मामाजी हसून म्हणायचे, "बसतो ना. पन लाईन गेली का तू माह्याकडं ये. लाजू नको."

आणि लाईन रोज जायची, आणि तो खरंच यायचा. मला त्याचं काही नाही. मला लाज वाटायची ती ताईची. भाऊजी येतील, ताई येईल, आणि आमच्या घरी दाराला मुळ्या बांधलेल्या. नवऱ्याकडे मी दोनदा विषय काढला. तो म्हणाला, "बाबा असेपर्यंत ते नाव काढू नको."

तिसऱ्या उन्हाळ्यात दवाखान्यातले डॉक्टर एकदा दुपारी आमच्याकडे चहाला आले आणि त्या खोलीत तास-दीड तास बसून राहिले. दवाखान्यात बाळंतिणींसाठी दोन खाटांची खोली होती. टिनाखाली. वैशाखात तिथे बायका आणि लेकरं तापून निघायची. डॉक्टर म्हणाले, हे असं तिथे करता येईल का? पुढच्या आठवड्यात मी कंपाउंडर आणि पंचायतीचे दोघं घेऊन येतो, त्यांनाही पाहू द्या, मग ठरवू.

मामाजी त्या रात्री जेवले नाहीत नीट. आनंदानं. दुसऱ्या दिवशी नवा वाळा आणला. पन्हाळीची भोकं एकेक करून सुईनं साफ केली. सकाळी उठून ओट्यावर पिंपाची उंची विटा घालून पाहत. इतकी वर्षं गावातले लोक त्यांना केळीवाले काका म्हणत आले, पण त्यांनी काही नवं केलं आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. ते त्यांना हवं होतं. मागितलं नसतं त्यांनी, पण हवं होतं. सगळ्या घराला दिसत होतं.

त्याच आठवड्यात आमच्या कुरडया वाळून आल्या. डब्यांना जागा हवी म्हणून मी माळ्यावरच्या हिवाळ्याच्या सगळ्या गोधड्या दोन दिवसांत थोड्या थोड्या करून भिंतीशी रचल्या. आठ-नऊ जाड गोधड्या, माझ्या खांद्याइतकी रास. झरोक्यावर आल्या. माझ्या लक्षात आलं नाही. हे खरं आहे. पहिले दोन दिवस ती चूक होती.

तिसऱ्या दिवशी खोली कोंदट झाली. ताटी ओली, पाणी ठिबकतंय, आणि अंगाला चिकचिक. आत्याबाई म्हणाल्या, "आज कसंतरीच होऊन राह्यलं बापा." मामाजी ताटीजवळ उभे राहिले, हात लावून पाहिला, बाहेर जाऊन पिंप पाहिलं. वर जाळीकडेही पाहिलं. जाळीमागे नेहमीच अंधार असायचा, त्या दिवशीही अंधारच होता.

मी त्या संध्याकाळी डबा काढायला माळ्यावर गेले आणि गोधड्यांसमोर उभी राहिले. कळलं. एका क्षणात कळलं. हात पुढे केला आणि मागे घेतला. मनात आलं ते असं: चार दिवस राहू दे. चालत नाही म्हटल्यावर कूलर येईल.

चौथ्या दिवशी डॉक्टर आले. चौघं जण. मामाजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. आतलं दार रोजच्यासारखं लावून घेतलं, चुलीची ऊब येऊ नये म्हणून. मी पन्हं घेऊन गेले तेव्हा डॉक्टर रुमालानं मान पुसत होते. पंचायतीतला एक जण म्हणाला, "काकाजी, हे तर धोबीघाटावानी झालं." सगळे हसले. मामाजीही हसले. मग म्हणाले, "परवापर्यंत बरोबर होती. इच्यारा ना डॉक्टरसाहेबाले."

डॉक्टर म्हणाले, "होती, होती. पण काकाजी, बाळंतिणीच्या खोलीत ओल नको. ताप येतो." वाईट बोलले नाहीत. पन्हं संपवून पंधरा मिनिटांत उठले.

माळ्याची शिडी माझ्यापासून सहा पावलांवर होती. मी ग्लास गोळा केले.

दवाखान्यातली ती खोली तशीच राहिली, टिनाखाली. तिथे नंतर कोणाचं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारण्याची हिंमत नव्हती. माझं स्वतःचं बाळंतपण नागपूरला झालं, पंख्याखाली.

पुढच्या उन्हाळ्याच्या आत नवऱ्यानं कूलर आणला. मामाजींनी एका शब्दानं अडवलं नाही. म्हणाले, "आणा. आता मले काई समजत नाई त्यातलं." दाराची ताटी निघाली, दाराशेजारच्या खिडकीला कूलर बसला. ताई आली, खूष झाली. मीही झाले, खोटं का सांगू. पण त्या खोलीत आता बोलायचं तर ओरडावं लागायचं, आणि बाया तांदूळ घेऊन यायच्या बंद झाल्या. लाईन गेली की लोखंडाचा डबा नुसता तापत राहायचा.

मामाजींनी ताटी फेकली नाही. गोठ्याच्या दाराला लावली, तीच पन्हाळ, तेच पिंप. गोठा मागून अर्धा उघडा. तिथे ती अशी चालली की बैल दुपारी बाहेर निघेनात. मामाजी खाट टाकून बैलांत बसायला लागले. पण चैन नव्हती त्यांना. दोन वर्षं, दर वैशाखात, चार दिवस कूलर बंद करायला लावून ते ताटी परत खोलीच्या दाराला लावून पाहत. भोकं लहान केली. वाळा पातळ भरला. पाणी कमी सोडलं. दर वेळी खोली कोंदायची.

कारण गोधड्या हिवाळ्यात खाली यायच्या आणि फाल्गुनात मी त्या पुन्हा त्याच जागी रचायची. कूलर आलेला होता, मला आता त्यातून काही मिळायचं नव्हतं. पण ताटी एकदा चालली असती, तर त्या दिवशी का चालली नाही हे कोणीतरी विचारलंच असतं. म्हणून रचायची.

एकदा त्यांनी मलाच विचारलं. मी भाजी चिरत होते. "सूनबाई, तू नागपूरची, शिकलेली. गोठ्यात बरोबर चालते, घरातच काऊन नाई चालत? माह्यं का चुकलं असन, सांग बरं?"

मी म्हटलं, "हवाच बदलली असेल, मामाजी."

त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. "असन." त्यानंतर त्यांनी ताटी घरात आणली नाही.

आठ-दहा वर्षांनी कवेलू काढून स्लॅब टाकायचं ठरलं. माळा रिकामा करताना मी गोधड्या खाली टाकल्या आणि आत्याबाई खाली उभ्या राहून मोजून घेत होत्या. शेवटची गोधडी निघाली तशी जाळीतून खोलीतला उजेड माळ्यावर आला. शिडीच्या दोन पायऱ्या चढून त्यांनी पाहिलं. हुशार बाई होती.

"हे इथंच राहात होत्या का वं? डॉक्टर आलता तवाबी?"

"हो."

"तुले ठाऊक होतं?"

मी हो म्हटलं. सगळं सांगितलं, ताईपासून. त्या शिडीवरच बसल्या. मग म्हणाल्या, "तो माणूस बैलाले विच्यारत होता वं, माह्यं का चुकलं म्हनून. म्या कानानं आयकलं. अन् मी त्याले म्हनलं, सोडा ना आता, वय झालं तुमचं." मला वाटलं शिव्या देतील. नाही दिल्या. "मले काऊन सांगून राह्यली? त्याच्या म्होरं जा."

मी गेले. चहा घेऊन गेले. मामाजी अंगणात खुर्चीवर बसून गड्यांना सांगत होते, कवेलू फेकू नका, एकेक उतरवा. मला पाहून म्हणाले, "स्लॅब लय तपते, सूनबाई. कूलर बरा आहे तुमचा, तोच लावजो." मनापासून म्हणाले. मी कप त्यांच्या हातात दिला आणि परत आले. आत्याबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. पुढे कधीच नाही. त्यांनी स्वतः त्यांना सांगितलं का, ते मला माहीत नाही. मामाजी त्यानंतर दोन हिवाळे होते. मला रोज वेळ होता.

तेव्हा बोलले नाही ते आता लिहिते. मामाजी, तुमचं काही चुकलं नव्हतं. वाळा नीट भरलेला होता. भोकं बरोबर होती, पिंपाची उंचीही बरोबर होती. हवा बदलली नव्हती. तिची बाहेर जायची वाट मी बंद केली होती, आणि तुम्ही मला विचारलंत तेव्हा ते मला ठाऊक होतं.