दोऱ्याचं दुसरं टोक

आमच्या धाकट्या भाऊजींनी उभ्या आयुष्यात एकच वस्तू दुरुस्त केली, आणि ती अजून दुरुस्त झालेली नाही. ती वस्तू म्हणजे वर्ध्याकडच्या सेलूच्या आमच्या घरापुढे, निम्म्याहून जास्त अंगण अडवून उभा असलेला त्यांचा ट्रक. शेतातला कापूस जिनिंगला नेण्यासाठी तो घेतला, असं सगळे म्हणतात. माझ्या मते तो पुल्या बदलण्यासाठी घेतला. इंजिनाच्या तोंडाशी तीन पुल्या असतात, एक खाली, एक वर पंख्याची, एक बाजूला, आणि तिघींवरून एक पट्टा फिरतो, हे ज्ञान मला लग्नानंतर महिन्याभरात झालं. तोवर मला सासरच्या माणसांची नावंही पाठ झाली नव्हती. पट्टा फिरला की पंखा फिरतो, पंखा फिरला की इंजिन थंड राहतं. भाऊजी मात्र थंड राहत नाहीत. पट्टा जरा चिरकला की त्यांचा घास हातात थांबतो, मान वाकडी होते, आणि पुढच्या घटकेला ते बोनटखाली असतात.

गॅरेजमध्ये ट्रक नेणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "गॅरेजवाला इंजिन खोलते, पण त्याले इचारत नाई का तुले काय होऊन राह्यलं म्हून," असं ते म्हणतात. स्वतः मात्र ते इंजिनाला इतकं विचारतात की त्यानेच एकदा कंटाळून उत्तर द्यावं असं मला वाटतं. खोललेले नट ठेवायला त्यांना घरातलीच भांडी लागतात. एका संक्रांतीला मी वाणाला आलेल्या बायांपुढे कुंकवाचा करंडा उघडला, तर आत ग्रीस लावलेले चार नट. उतरवलेली पुली ते कधी भंगारात देत नाहीत. एक दाराला टेकण म्हणून आहे, एक लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून आहे, आणि एक फार जुनी पिण्याच्या पाण्याच्या माठाखाली बसली आहे. एकदा नात्यात कुणाच्या तेराव्याला आम्ही गेलो होतो. सगळे मान खाली घालून बसलेले. भाऊजी यजमानाच्या कानाशी वाकले, डोळे पुसत त्याने कान पुढे केला, तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं की तुमच्या जीपची वरची पुली बाहेर आलेली दिसते, आवाजावरून कळलं.

या सगळ्यात माझं काम दोरा धरण्याचं. नवी पुली बसवली की ती बाकीच्यांच्या रेषेत आहे की नाही हे पाहावं लागतं. खालच्या पुलीपासून वरच्या पुलीपर्यंत दोरा ताणायचा, आणि तो दोन्हींच्या कडांना नीट टेकतो का ते बघायचं. मध्ये फट राहिली की पट्टा वाकडा चालतो, आणि एक दिवस तुटतो. खालचं टोक भाऊजींच्या हातात, वरचं माझ्या. हे काम खरं त्यांच्या बायकोचं. पण माझ्या जाऊबाईंनी लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी ग्रीसच्या वासाने डोकं दुखतं असं जाहीर केलं, आणि ते आजतागायत वेळेवर दुखतं. मला एवढी अक्कल नव्हती. मी वर्ध्याच्या शाळेत टकळीवर सूत काढण्यात पहिली आलेली, आणि ही गोष्ट सासरी ज्याला त्याला ऐकवणारी. बाजारच्या दोऱ्याला गाठी असतात म्हणून भाऊजींनी माझ्या सुताची गुंडी मागितली, तेव्हा मला वाटलं, घरात एकाला तरी कलेची कदर आहे. दुसऱ्या दिवशी ते सूत काळंकुट्ट होऊन माझ्या हातात आलं, सोबत "वैनी, दोरा धरा" अशी हाक. ती हाक अजून चालू आहे. माझे गुडघे गेले, हाक गेली नाही.

आता जे सांगते ते मी चाळीसेक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या थोरल्याचं जावळ होतं केळझरच्या गणपतीला. सगळं घर ट्रकमध्ये बसून जायचं, आणि भाऊजींनी पहाटेपासून पंख्याची नवी पुली बसवायला घेतलेली. मी जरीची साडी नेसून, अंबाड्यावर गजरा माळून तयार. तेवढ्यात हाक आली. मी साडी एका हाताने सावरली, दुसऱ्या हाताने दोरा चिमटीत धरला, आणि तोंड फिरवून उभी राहिले, कारण ग्रीसचा एक थेंब पदरावर पडला असता तर माझ्या मते जग बुडालं असतं. खालून आवाज आला, "लागला का?" मी म्हटलं, "लागला." पाहिलंच नव्हतं.

केळझर डोळ्यांपुढे दिसत असताना पट्टा तुटला. बोनटमधून वाफ निघाली, बाया खाली उतरल्या, पोरगं रडून निळं झालं. आम्ही पायी पोचलो तेव्हा न्हावी वाट पाहून निघून गेला होता. माझ्या सासऱ्यांनी रस्त्यातच, सगळ्यांसमोर, भाऊजींना म्हटलं, "दोन नट धड कसता येत नाई तुले, अन् सारं घर गाडीत बसवलं." भाऊजी तुटलेला पट्टा गुंडाळत होते. मी साडी झटकत होते. त्या संध्याकाळी त्यांनी ती कोरी पुली खराब म्हणून काढून माठाखाली घातली, आणि तेव्हापासून कुठलीच पुली त्यांना सरळ वाटत नाही, ते बदलतच आहेत. लोक म्हणतात भाऊजींना वेड आहे. ते वेड कुणी लावलं हे मला माहीत होतं, म्हणून मी दोरा धरत राहिले.

यंदा ट्रकचं आरटीओच्या साहेबांकडे पासिंग आलं. त्यांच्या दोन्ही मुलांनी ठरवून टाकलं होतं. थोरला मला म्हणाला, "मोठीआई, यंदा पासिंग नाई झालं तर गाडी भंगारात जाईन. बाबाले तुमीच समजावा." मी काय समजावणार? आदल्या दिवशी भर दुपारी हाक आली आणि मी गेले. भाऊजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. दोरा ताणला.

"लागला का?"

मी पाहिलं. वर तांदळाच्या दाण्याएवढी फट होती. लागला म्हटलं असतं, तर उद्या पट्टा साहेबांपुढे किंचाळला असता, ट्रक भंगारात गेला असता, अंगण मोकळं झालं असतं आणि मी रोज दुपारी निवांत आडवी झाले असते. घरात सगळ्यांना तेच हवं होतं. मलाही हवं होतं, खोटं कशाला सांगू.

"नाई लागला, भाऊजी," मी म्हटलं. "अन् केळझरच्या दिवशीबी लागला नव्हता. मी पाह्यलंच नव्हतं."

मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार, आणि ऐकायला मी तयार होते. ते उठले, कंबर धरून आत गेले. मी मागे गेले तर त्यांनी माठ उचलून बाजूला ठेवला होता आणि खालची गंजलेली पुली धोतराच्या टोकाने पुसत होते.

"म्हंजे हे चांगली होती," ते म्हणाले.

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पुली होती तिथे ठेवली, तिच्यावर माठ जपून बसवला, आणि बाहेर येऊन फटीत घालायला पातळ चकती, वायसर, शोधू लागले. तो कुंकवाच्या करंड्यात सापडला.

ट्रक पास झाला. मुलांनी भंगाराचा विषय सोडला, अंगण अडलेलंच राहिलं. सूत संपत आलं म्हणून मी पेटीतून टकळी काढली आहे. पण आता धागा कुठे जाड निघतो, कुठे तुटतो, पहिल्या नंबराची काही खूण त्यात उरलेली नाही. भाऊजी तोही चालवून घेतात. फरक पडला तो एवढाच. आधी ते एकदा विचारायचे, "लागला का?" मी लागला म्हटलं की पाना उचलायचे. आता मी लागला म्हटल्यावर पाना तसाच राहतो, आणि बोनटखालून थोड्या वेळाने, अगदी नरमाईने, आवाज येतो, "वैनी, पाहून सांगता ना?"

मी चष्मा पदराने पुसते, आणि पुन्हा वाकते.