गाळलेला प्रश्न

हिंदी मुलखातल्या दुर्गाघाटावरचे दिनानाथ पाटणकर शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. वार्षिक परीक्षेत त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे: 'देशात हुकूमशाही येऊ नये म्हणून काय काय हवं?' निवडून आलेल्या सरकारच्या हुकमातलं सैन्य, स्वतंत्र न्यायालयं, निर्भीड वर्तमानपत्रं, सगळं लिहूनही 'जागे नागरिक' लिहायचं राहिलं, तर मास्तर निम्मे गुण कापत. प्रिन्सिपललाही न जुमानणाऱ्या या माणसानं आणीबाणीच्या वर्षी मात्र तो प्रश्न गाळला आणि नगरपालिकेची कामं विचारली.

निवृत्तीनंतर जुन्या प्रश्नपत्रिका आवरताना त्या वर्षीचा पेपर हाती लागला, तसं मुलीनं, सुनीतीनं विचारलं, "बाबा, तेव्हा वरून दबाव आला होता?"

मास्तरांनी पेपराची घडी केली, पुन्हा उलगडली.

"कुणी चकार शब्द काढला नव्हता, बिटिया. मीच आपणहून गाळला."