राठ केसांवरचा संशय

ती घटना मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही, पण एक दिवसही विसरलेले नाही. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी नुकतीच उपनिरीक्षक झाले होते आणि माझी नेमणूक बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात होती. ठाण्याचं आणि माणसांचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. पंचनाम्याचं मराठी मी नोकरीत शिकत होते आणि हवालदार हसतील या भीतीने कमी बोलत होते. गप्प राहिल्यामुळे बघायला वेळ मिळायचा. माझं निरीक्षण चांगलं आहे, असं मला वाटायचं.

एका रासायनिक कारखान्यातून तांब्याची केबल चोरीला गेली. रखवालदाराने जबाब दिला की चोर तिघे होते. मागच्या गेटजवळच्या बोळात त्याने एकाच्या डोक्यात काठी घातली, रक्त आलं, तरी तो पळाला. साहेबांचा हुकूम सुटला, की डोक्याला जखम असलेला माणूस शोधा. आम्ही दवाखाने पालथे घातले. नवव्या दिवशी कामगारांच्या एका चाळीच्या तोंडावरचा पानवाला ठाण्यात आला. तो आमचा जुना बातमीदार. चाळीतला एक ऑपरेटर दोन दिवस रजेवर होता आणि परत आल्यापासून डोक्यावरची टोपी काढत नाही, असं तो सांगत होता. "सोता भी टोपी में है, मॅडम. तकिये पे खून के दाग हैं." रजेच्या दोन दिवसांतच चोरी झाली होती.

त्या माणसाला पहिल्या पाळीवरून आणलं. वय सत्तावीस-अठ्ठावीस. दातिवऱ्याच्या मासेमारी करणाऱ्या घरातला, शिकून कारखान्यात लागलेला. टोपी काढायला सांगितल्यावर त्याने दोन्ही हातांनी ती धरून ठेवली. शेवटी काढली. पुढच्या केसांमध्ये काळ्या खपल्या होत्या. मोरीत पडलो, म्हणाला. रजेवर कुठे होतास, तर गावी.

शिपाई दातिवऱ्याला पाठवला. तो सकाळी किनाऱ्यावर पोहोचला तेव्हा मासळीचा लिलाव चालू होता. त्याने भर लिलावात विचारलं, की अमक्याचा मुलगा त्या तारखेला घरी होता का. सगळ्यांच्या देखत बाप म्हणाला, नाय, दोन महिन्यांत आला नाय. शिपायाने आणखी एक बातमी आणली. मुलाचं लग्न ठरलं होतं, शेजारच्या गावातल्या बोटवाल्याच्या मुलीशी, मार्गशीर्षात.

खोटं पकडलं गेल्यावर चौकशीचा सूर बदलला. प्रश्न हवालदार विचारत होते, बावीस वर्षं नोकरी झालेले. कुठे होतास? जखम कशाची? तो टोपी मांडीवर घेऊन चुरगाळत होता. मी बाजूला बसून त्याच्या डोक्याकडे बघत होते. बाजूचे केस मऊ, सरळ, विरळ होते. कपाळावरचे मात्र काळेभोर, राठ, काथ्यासारखे वळलेले, आणि बाहुलीच्या डोक्यावर असतात तसे झुबक्या-झुबक्यांनी उगवलेले. एकाच माणसाच्या डोक्यावर दोन जातीचे केस कसे असतील?

मी हवालदारांना हळूच म्हणाले, "पुढचे केस त्याचे नाहीत. जखम झाकायला विग चिकटवलाय."

त्या ठाण्यात स्वतःहून केलेली माझी ती पहिली सूचना. हवालदारांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, हे मला अजून आठवतं. मला बरं वाटलं होतं, हेही आठवतं.

"काय नवरदेव," ते त्याला म्हणाले, "मुंडावळ्या काय या टोपावर बांधणार?" आणि त्यांनी पुढचे केस मुठीत धरून हिसडा दिला.

विग निघाला नाही. माणूस खुर्चीसकट पुढे ओढला गेला. हवालदारांनी मूठ उघडली तेव्हा तिच्यात केसांचे सात-आठ झुबके होते, प्रत्येकाच्या टोकाला कातडीचा रक्ताळलेला गोल तुकडा. तो ओरडला नाही. दोन्ही हात डोक्यावर ठेवून खाली बसला आणि म्हणाला, "माझेच हायत. मागचे काढून पुढं लावलेत. कुनाला सांगू नका."

मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. मुंबईतल्या एका डॉक्टरचा होता. चोरीच्या दिवशी तो त्या डॉक्टरच्या टेबलावर पालथा पडला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे समजावलं. डोक्याच्या मागचे केस जाड असतात. ते मुळासकट काढून कपाळावर लावले तरी त्यांचा स्वभाव मागचाच राहतो. त्यातून नवे उगवताना ते काही महिने जास्तच राठ आणि वाकडे येतात. काही महिन्यांपूर्वी, पहिल्या वेळी लावलेले त्याचे केस त्याच अवस्थेत होते. "वर्षभरात मऊ पडले असते. दुसऱ्या वेळचे, या रजेत लावलेले, अजून धरले नव्हते, ते गेले. मागे आता काढण्यासारखं फारसं उरलेलं नाही."

परत आल्यावर मी एकटी कारखान्यात गेले आणि रखवालदाराला म्हटलं, काठी कशी मारली ते दाखव. बोळात डोक्याच्या जेमतेम वरून वाफेचा पाइप गेला होता. काठी खांद्याच्या वर उचलताच ती पाइपाला लागली. तिथे कुणाच्याच डोक्यात काठी घालता येत नव्हती. पंचनामा गेटवरच्या केबिनमध्ये बसून लिहिला होता. बोळात कुणी गेलंच नव्हतं. तासाभरात रखवालदाराने कबूल केलं. गेट त्यानेच उघडून दिलं होतं, आणि आपल्यावर संशय येऊ नये म्हणून मारामारी रचली होती. केबल एका भंगारवाल्याकडे मिळाली. मला प्रशस्तिपत्र मिळालं.

तो ऑपरेटर पुढच्या वर्षी मला पालघरच्या एसटी स्टँडवर दिसला. मी कोर्टाच्या तारखेला आले होते. त्याने केस अगदी बारीक कापले होते, कपाळावर पांढरे गोल व्रण होते. मला बघून तो सवयीने उभा राहिला. लग्न झालं का, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"नाय, मॅडम. मुलीचा बाप घरी आलता. म्हनाला, चोरी केली नाय तर पोलीस गावात आले कशाला? आनि डोक्याला काय झालं? मी गप बसलो."

"खरं का नाही सांगितलं?"

"काय सांगू? टकल्या हाय, केस लावून पोरीला फसवत होतो, असं? त्यापरीस चोर बरा."

मी म्हणाले, मी स्वतः त्यांच्याकडे जाते. तुमच्यावर कसलाही आरोप नाही, असं लेखी देते.

"द्याल हो. पन मग कसा सुटलो, तेबी लिवावं लागंल ना?"

त्याची गाडी लागली होती. तो गेला.

पुढे मी बरीच वर्षं नोकरी केली. नव्या उपनिरीक्षकांना मी एक सवय लावली. वहीच्या डाव्या पानावर दिसलेलं लिहायचं, उजव्या पानावर वाटलेलं, आणि उजव्या पानावरून कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. मुलं ऐकायची. हे मला कुठे कळलं, ते मी त्यांना सांगितलं नाही. राठ केस मला खरोखर दिसले होते. विग फक्त वाटला होता. एवढा फरक करायला मला एका माणसाचं डोकं लागलं.

त्या दिवशीची ठाण्यातली नोंद एका ओळीची आहे: 'संशयिताची चौकशी केली, काही निष्पन्न झाले नाही, सोडून दिले.' खाली सही माझी आहे. केस ओढल्याचं मी त्यात लिहिलं नव्हतं.