मशीनमधली सुपारी

समतेवर सगळ्यात गाढ श्रद्धा असलेलं माणूस आमच्या माजलगावात ना कोर्टात सापडेल, ना मोर्चात. ते धान्याच्या मोंढ्यामागच्या दोन खोल्यांच्या रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये बसतं आणि नात्यानं माझी आत्या लागतं. मी पत्रकांवर वाढलो. आमच्या घरात धान्याच्या कोठीपेक्षा पत्रकांचे गठ्ठे उंच होते. समता म्हणजे काय हे मला त्या गठ्ठ्यांनी शिकवलं, पण समता मोडली की नेमकं काय होतं हे मात्र आत्यानं सांगितलं. मशीन थरथरते, नळी फुटते आणि दुसऱ्याचं रक्त आपल्या अंगावर उडतं. एवढं सोपं पत्रक मला अजून लिहिता आलेलं नाही.

ही मशीन म्हणजे तिचं सेंट्रीफ्यूज. आकारानं पिठाच्या डब्याएवढं. आत एक गोल चकती, चकतीला कडेनं खळगे. खळग्यांत रक्ताच्या नळ्या ठेवायच्या, झाकण लावायचं, बटण दाबायचं. नळ्या गरागरा फिरतात, रक्ताचा तांबडा भाग तळाला बसतो आणि तपासायचं पिवळसर पाणी वर येतं. एका नळीच्या बरोबर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी हवी. रक्ताची एकच नळी असेल तर समोर पाण्याची ठेवायची. हा नियम आत्यानं मशीनपुरता ठेवला असता तर आमचं घराणं सुखी झालं असतं.

एकदा चकलांब्याला लग्नाला निघालो होतो. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मागं समोरासमोर दोन बाकडी. आत्यानं दारात उभं राहून एकेकाला नजरेनं तोललं आणि मग बसवलं. नवरदेवाच्या भरभक्कम चुलत्यासमोर बसवायला तोलामोलाचं कुणी मिळेना, तेव्हा दोन सडपातळ व्याही आणि मधे आहेराच्या भांड्यांचं पोतं अशी जुळणी झाली. चुलते म्हणाले, "वहिनी, जीप सरळ रस्त्यानं जाती, गरागरा फिरत न्हाई." आत्या म्हणाली, "गेवराईच्या फाट्यावर वळल ना?" फाट्यावर जीप खरंच वळली, आणि सगळ्या वऱ्हाडानं बाकडी घट्ट धरली.

दुसरा नियम, फिरणं पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. हाही नियम तिनं भांडणांना लावला. माझ्या आई-वडिलांचं एकदा जोरात वाजलं, म्हणून तिला मिटवायला बोलावलं. ती आली, चहा प्याली आणि भिंतीला टेकून गप्प बसून राहिली. आई म्हणाली, "अहो वन्सं, काहीतरी बोला की." आत्या म्हणाली, "थांब. अजून फिरायलंय." दुपार कलली, दोघंही दमली, वडिलांनी आईला पाणी विचारलं. तेव्हा आत्या उठली, पिशवी घेतली आणि म्हणाली, "आता उघडा झाकण." बोलायचं कुणाकडे काही उरलंच नव्हतं.

मशीनभोवती वीतभर जागा मोकळी हवी, झाकणावर काही ठेवायचं नाही, पदर खोचलेला हवा. एका पुढाऱ्यानं फोटोपुरतं येऊन झाकणावर मोबाईल टेकवला. आत्यानं चिमट्यानं तो उचलला, जंतुनाशकाच्या फडक्यानं पुसला आणि त्यांच्या हातावर ठेवला. पुढाऱ्यासारखाच न्याय तिनं माझ्या लिखाणालाही दिला. उसाच्या फडावरच्या शोषणावर मी लिहिलेलं पत्रक तिनं उभ्यानं वाचलं आणि म्हणाली, "एकाच बाजूला भरलंयस रे. खरं हाय, पण थरथरतंय. मुकादम बी माणूस हाय, त्याला एक वाक्य तरी दे." मी ते वाक्य दिलं नाही. आजही देणार नाही, असं ठरवूनच हे लिहायला बसलो होतो.

या सगळ्या शिस्तीला घरातच एक भगदाड होतं, आणि ते म्हणजे आमचे मामा, आत्याचे यजमान. मामा भाविक. दसऱ्याला मशीनची पूजा त्यांच्याकडे. हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल बाहेरून लावायला आत्याची परवानगी होती. तीही फूल दोन्ही बाजूंना असेल तर.

एका वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये बसलो होतो, तेव्हा समोर एक ट्रॅक्टर थांबला. ऊसतोडीची टोळी कारखान्याकडे निघाली होती. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. त्यातल्या रंजनाचे डोळे पिवळे पडले होते. ती उभी राहायची तर भिंत धरून. समोरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं होतं. रिपोर्ट आल्याशिवाय ती ट्रॅक्टरवर चढणार नाही, असं तिचा नवरा म्हणत होता आणि मुकादम घड्याळ बघत होता.

आत्यानं रंजनाचं रक्त घेऊन नळी स्टँडमध्ये ठेवली आणि ती दुसऱ्या पेशंटकडे आत गेली. "लावा की मामा मशीन, अख्खी टोळी खोळंबलीय," मुकादमानं बाहेरच्या खोलीत टुमणं लावलं. मामांना वाटलं, तेवढीच मदत. त्यांनी रंजनाची नळी ठेवली, समोर पाण्याची ठेवली आणि बटण दाबलं.

मशीन आधी थरथरली. मग अंगात आल्यासारखी घुमली आणि मग पावलापावलानं टेबलाच्या कडेकडे चालू लागली. मुकादम दारातून बाहेर. मामांनी हात जोडले. मी, क्रांतीचा पाईक, खुर्चीवर चढलो. आत्या आतून आली, भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग उपसला आणि म्हणाली, "कुणी हात लावायचा न्हाई." मशीन कडेला येऊन थांबली. आत काचेचा आवाज झाला होता, म्हणून आत उडालेले बारीक थेंब खाली बसेपर्यंत तिनं कुणाला झाकणाजवळ फिरकू दिलं नाही. मुकादम खिडकीतून ओरडत होता. ती खिडकी तिनं हळूच लावून घेतली.

मग हातमोजे घालून झाकण उघडलं. फुटली होती ती पाण्याची नळी. रंजनाची शाबूत. आणि फुटक्या नळीच्या खळग्यात, कुंकू लागलेली एक सुपारी.

आत्यानं मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "काल पूजेला गणपती मांडायचा होता. खळगा बरूबर सुपारीयेवढा निघाला, मग बसवला. काढायचा राहिला."

आत्या चिडली नाही. काचा चिमट्यानं वेचून तिनं जंतुनाशकानं सगळं पुसलं, चकती काढून उजेडात धरली आणि तिचा चेहरा उतरला. खळग्याच्या कडेला केसाएवढी चीर गेली होती.

"आता ही फिरायची न्हाई," ती म्हणाली.

"एवढीशी तर चीर हाय," मुकादम आत आला होता. "एकदाच फिरवा बाई, मंग द्या टाकून."

"ट्रॅक्टरच्या चाकाचे नट तुमी एकदाच ढिले ठेवून जाता का?"

"मंग रिपोर्ट? का आमी हितंच मुक्काम टाकू?"

आत्यानं रंजनाची नळी स्टँडमध्ये उभी केली. "मशीन नुसती घाई करती. रक्त आपापलं बी बसतं. तुमी बी बसा."

ती स्टूल ओढून नळीसमोर बसली. शेजारी रंजना, दारात नवरा, बाहेर अख्खी टोळी. हळूहळू गुठळी खाली आवळत गेली आणि वर पाणी सुटलं. ते झेंडूसारखं पिवळं होतं. आत्यानं तपासणी केली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून रंजनाला समोरच दवाखान्यात भरती करून घेतलं.

"अर्धा कोयता घेऊन मी काय करू बे?" मुकादम नवऱ्यावर खेकसला.

आत्यानं त्याला वरपासून खालपर्यंत तोललं. "बायकोच्या जागी तेवढंच माणूस पायजे ना? तुमी उतरा फडात. वजन थोडं जास्ती भरतंय, पण मोळ्या उचलता उचलता उतरल."

टोळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. नवऱ्यानं ट्रॅक्टरवरनं आपलं गाठोडं खाली ओढलं. जाताना मुकादमानं रंजनाचं गाठोडंही काढून पायरीवर आणून ठेवलं. हे ते वाक्य. दिलं.

रंजना बरी झाली. आता हुरड्याच्या दिवसांत ती लॅबमध्ये येते, दोन्ही हातांत सारख्या पिशव्या घेऊन. आत्याकडे नवी मशीन आहे. ती थोडा भार कमी-जास्त झाला तरी स्वतःच थांबते, शिट्टी वाजवते, फिरतंय तोवर झाकण उघडूच देत नाही. आत्याला तिच्यात गोडी नाही. "ओरडायला काही ठिवलंच न्हाई हिनं," म्हणते. जुन्या मशीनची वायर तिनं कापली, आणि भंगारातून उचलून कुणी पुन्हा फिरवू नये म्हणून चकती कपाटात ठेवली.

मामा गेले, त्यानंतरच्या दसऱ्याला मी गेलो होतो. नव्या मशीनला दोन्ही बाजूंना झेंडू होता. कपाट उघडं होतं. जुनी चकती घासून लख्ख केलेली, आणि त्याच चिरलेल्या खळग्यात ती सुपारी, ताज्या कुंकवासकट. समोरचा खळगा रिकामा होता.

सवयीनं मी म्हणालो, "आत्या, समोर काही ठेवलं नाहीस."

तिनं कपाटाचं दार हळूच लोटलं. "राहू दे," म्हणाली. "ते आता फिरायचं न्हाई."