हातात मोजे घालणारी बाई

संधिवाताने माझी बोटं वाकडी झाली, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, पनवेलला चल. एकटीला जमायचं नाही." मला रत्नागिरीतलं घर सोडायचं नव्हतं.

मग दवाखान्यातून एक बाई आली. रोजची कामं करायला शिकवते म्हणाली.

"मग इतकी वर्षं मी काय करत होते गो?" मी विचारलं.

तिने हातांत जाड लोकरीचे मोजे चढवले आणि माझ्या विळीवर नारळ खवायला बसली. वाटी सुटली ती थेट माझ्या चहात.

शेजारीण दारातून म्हणाली, "काय गो काकी, हिला थंडी वाजते काय?"

"आजींच्या हातांना काय काय जमत नाही ते बघतेय," बाई म्हणाली. मग न्हाणीत गेली, आतून कडी लावली आणि अडकली.

मी ओरडले, "अगो, मोजे काढ!"

आतून आवाज आला, "तुम्हाला तुमचे हात काढता येतात?"

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. दोरीवरच्या माझ्या परकराची नाडी कडीत अडकवून तिने ती मनगटाने ओढली होती. नाडी तिथेच बांधली. पुढच्या खेपेला टेबलाला लावायची, फिरवायची खवणी आणली आणि तिच्या मुठीला जाड फडकं गुंडाळून दिलं. अशी वेडी बाई मी दुसरी पाहिली नाही. नाव विचारायचं राहिलंच.

मुलगा न्यायला आला, त्याला सोलकढी वाढली. न्हाणीतून येऊन म्हणाला, "आई, कडीला परकराची नाडी कशाला?"

"बाहेर यायला."

तो एकटाच पनवेलला गेला.