परग्रहावरची बाळंतपणं

दुसऱ्या खेपेला माझ्या गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, दिवस भरेपर्यंत पलंगावरून फक्त संडासला उठायचं. मी माहेरी पुसेगावला येऊन पुढच्या खोलीत आडवी झाले. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी जीपवाल्याच्या हाती एक गुंडाळी पाठवली. उलगडली तर हसरं बाळ. गोरंपान, निळ्या डोळ्यांचं, गालावर खळी. हे रोज बघितलं की मूल तसंच होतं म्हणे. तसं निळ्या डोळ्यांचं मूल खरंच निघालं असतं, तर पहिला बोभाटा सासूबाईंनीच केला असता. पण आईनं ते चित्र मुकाट्यानं लावलं. समोरच्या भिंतीवर टीव्ही असल्यामुळे बाळाला टीव्हीच्या वर जागा मिळाली. मग खाली माणसं फाडली जायची आणि वर ते हसत बसायचं.

कारण मी दिवसभर परग्रहावरच्या राक्षसांचे सिनेमे बघायचे. कोरियाचे, जपानचे, कुठल्या कुठल्या बर्फाळ देशांचे, हिंदीत डब केलेले. लोक म्हणायचे, पोटुशी बाई आणि हे काय बघते! त्यांना काय सांगणार? दोन वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला, सहाव्या महिन्यात मी अशीच माहेरी आले होते. एका दुपारी त्रास सुरू झाला, मला हिंगोलीला नेलं, भूल दिली, आणि जाग आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. मुलगा होता की मुलगी, हेसुद्धा कुणी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "आता कशाला ते? पुढचं बघ." नवरा पोचायच्या आतच सगळं उरकलं होतं, त्यालाही ठाऊक नव्हतं. पुन्हा विचारायचा धीर मला झाला नाही. त्यानंतर घरात सोयाबीनच्या भावापासून शेजारणीच्या पित्तापर्यंत सगळं बोललं गेलं, एवढं सोडून. आणि आता मी पुन्हा सहाव्या महिन्यात होते आणि मला फार भीती वाटत होती. सिनेमातल्या भीतीला निदान दात असतात, शेपटी असते, आणि दोन तासांत ती संपते.

आई शाळेत खिचडी शिजवायला जायची, तेवढ्या वेळात माझ्यावर लक्ष ठेवायला गल्लीतली म्हातारी सुईण येऊन बसायची. निम्मी गल्ली तिच्या हातावर जन्मलेली, मीही त्यातलीच. ॲम्ब्युलन्स दारात यायला लागली तसं तिचं काम बसलं होतं, पण तोरा शाबूत होता. पहिल्या दिवशी ती माझ्याकडे तोंड आणि टीव्हीकडे पाठ करून बसली. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "जराशी सरक पोरी, मला दिसून न्हाई राहिलं."

तो सिनेमा बर्फाच्या देशातल्या कोळ्यांचा होता. समुद्रातलं काहीतरी एका कोळ्याच्या पाठीत अंडी घालतं आणि एका रात्री त्याची पाठ उकलून एक बुळबुळीत प्राणी बाहेर येतो. बोटीवरचे सगळे किंचाळत पळतात. मी उशी तोंडावर धरली. म्हातारी मात्र उठून उभीच राहिली.

"आरं पळून काहून राहिले मुडद्यांनो! पाणी ठेवा कुणीतरी! नाळ कोण कापंल?"

"आजी, तो राक्षस आहे."

"आसंना का. आत्ताच जल्मलाय न्हवं? भुकंजून ओरडून राहिलं लेकरू." मग त्या मेलेल्या कोळ्याकडे बघून तिनं मान हलवली. "गड्याचं बाळंतपण. आवघडच."

त्या प्राण्यानं पुढे अकरा माणसं खाल्ली. म्हातारीच्या मते त्याला वेळेवर मध चाटवला असता तर एकही गेला नसता. त्या देशात उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, हे तिला त्या प्राण्यापेक्षा भयंकर वाटलं. "मंग ही लोकं दिवा कवा लावत्यात?" असं तिनं दोनदा विचारलं.

कोरियाच्या लोकांवर तिचा विशेष जीव जडला. एका सिनेमात एक बाई जिन्यावरून जिवाच्या आकांतानं पळतेय, मागे बुरशी चढलेले शेजारी, ती कसाबसा दरवाजा उघडते आणि आत शिरताना उंबऱ्यात चपला काढते. "घरचं वळण," म्हातारी म्हणाली, "मरणाच्या टायमालाबी सुटत न्हाई." तिथल्या सुना सासूपुढे वाकतात, लोणच्याच्या बरण्या भरून ठेवतात, हे तिला पटलं; घरात कितीही मेले तरी रडायला शेजारपाजार येत नाही, एवढं एकच खटकलं. ते शेजारीच तर त्या बाईला खायला निघालेत, हे माझं म्हणणं तिनं कानाआड केलं.

सासूबाईंचा रोज दुपारी फोन यायचा. एकदा म्हातारीनं तो उचलला. "व्हय, बरी हाय पोरगी. कीर्तन बघून राहिलोत." नेमकी तेव्हाच मागून कुणाची तरी मुंडी तुटली आणि वीसएक बायका एकदम किंचाळल्या. म्हातारी शांतपणे म्हणाली, "लई रंगलंय बगा."

सहावा महिना संपायला चार दिवस उरले होते, त्या दुपारी आम्ही जपानी सिनेमा लावला. समुद्रात आकाशातून काहीतरी पडतं आणि ते माणसांच्या अंगात शिरून त्यांच्याच आवाजात बोलू लागतं. गावातली एक बाई कोयता घेऊन त्याच्याशी लढायला निघते. वाटेत एका देवळापाशी ती थांबते. तिथे दगडाच्या छोट्या छोट्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर लाल टोपडं, गळ्यात लाल लाळेरं. ती बाई त्यातल्या एका मूर्तीला नवं लाळेरं बांधते, पाणी घालते, हात जोडते आणि पुन्हा कोयता उचलून धावत सुटते. का, ते कुणीच सांगत नाही.

मी सिनेमा थांबवला आणि मोबाईलवर शोधलं. मग म्हातारीला वाचून दाखवलं: पोटात असतानाच गेलेल्या लेकरांसाठी तिथले लोक अशा मूर्ती मांडतात, त्यांना कपडे घालतात, भेटायला येतात.

म्हातारीनं पडद्यावरच्या मूर्तींच्या ओळीकडे बोट केलं.

"म्हंजी तिथं लेकरांत मोजत्यात त्यांना?"

"मोजत असतील."

"आपल्यात न्हाई मोजत," ती म्हणाली, आणि तिनं पदर ओढून तोंडाला लावला.

हिंगोलीला त्या दिवशी आईसोबत तीच गेली होती. हे मला दोन वर्षं माहीत होतं, तरी पलंगाशेजारी बसलेल्या या बाईला विचारावं हे मला सुचलं नव्हतं. किंवा सुचलं होतं आणि मी भ्यायले होते.

"आजी, काय होतं?"

"पोरगी व्हती," ती लगेच म्हणाली, जणू कधीची वाट बघत होती. "मीच फडक्यात घेतली. वढ्याकडंच्या लिंबाखाली ठिवली, तुझ्या बापानं खड्डा केला."

"केवढी होती?"

तिनं डाव्या हाताचं मनगट धरलं आणि बोट कोपरापर्यंत नेलं.

मग मला रडू फुटलं, मोठ्यानं, आवरता येईना असं. तेवढ्यात आई शाळेतून आली. ती चपला घालूनच आत धावली.

"तरी मी सांगत व्हते! आसले पिच्चर दाखवू नका तिला! भ्याली का न्हाई?"

"पिच्चर न्हाई," म्हातारी म्हणाली. "मी सांगितलं तिला. पोरगी व्हती म्हून."

आई तशीच उभी राहिली. आता ती म्हातारीवर खेकसणार, मला 'पुढचं बघ' म्हणणार, असं मला वाटलं. पण ती पलंगाच्या कडेला बसली, माझा पाय मांडीवर घेतला आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "डोकं भरून केस व्हते तिला."