दत्तारामाचा उजवा कौल

पेडण्याच्या बाजारात फुशारकी मारणारे पुष्कळ, पण दत्तारामाची सर कोणाला नव्हती. लेक गौरवी प्रयोगशाळेत समुद्रातल्या स्पंजावर काम करायची. "बाय माझी कॅन्सरावर औषध करता," ही पुढची भर त्याची.

मग त्यालाच पोटाचा कॅन्सर निघाला. हॉस्पिटलाने सलाईनमधून औषध द्यायला बोलावलं. त्याच आठवड्यात गौरवीचा फोन आला, "बाबा, सापडलं!" हा उठला तो थेट देवळात. देवाला पाकळ्या चिकटवून विचारलं, लेकीच्या औषधासाठी थांबू? उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. हॉस्पिटलात जाणं बंद.

पण गौरवीला सापडलं होतं काय? स्पंजातला एक पदार्थ कॅन्सरच्या पेशी मारायचा. पेशीतल्या कुठल्या प्रथिनाला धरून, ते कळत नव्हतं. म्हणून तो पदार्थ बारीक मण्यांना बांधून त्यावर पेशींचा रस ओतायचा आणि मणी धुवायचे. चिकटून राहील ते प्रथिन त्याचं सावज. एक राहिलं. आनंदाच्या भरात पदार्थ न बांधलेले रिकामे मणी तपासायचे मागे पडले. तपासले, तर तेच प्रथिन त्यांनाही चिकटलेलं! सावज कसलं, ते कशालाही चिकटणारं.

ती घरी धावली. "बाबा, काहीच सापडलं नाही. आणि सापडलं असतं तरी औषध व्हायला वर्षं लागतात. हॉस्पिटलात चला."

"देवान उजवी दिली मगे?"

"देवाला तुम्ही अर्धंच सांगितलंत."

"आनी तू माका फोनार पुरा सांगितलंस?"

तिने हॉस्पिटलाची फाईल त्याच्यापुढे ठेवली. फाईल उचलून तो म्हणाला, "येतंय. पण गावात सांगायचा, बाटलीत तुजाच औषध."

ती कबूल झाली. त्याचे केस गेले तेव्हा शेजारची रुक्मिणी कुंपणावरून ओरडली, "गौरवी, लागू पडला गो तुजा औषध!" गौरवीने मान हलवली. रोग तोवर यकृतात पोचला होता.

दत्ताराम गेला. सुतकातल्या घरी रुक्मिणीच चहा घेऊन आली, आणि ओसरीवर बायकांना, ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजली, "पोरीन बापाचेरच औषधाची परीक्षा केली."

एका वाक्यात खुलासा झाला असता. बाप मात्र मेल्यावर खोटा ठरला असता. गौरवीने चहा संपवला, कप विसळला आणि रुक्मिणीच्या हातात परत दिला.